सांडपाण्यातले नत्र : स्वस्त उपायांची दीडशे वर्षे

घरात वापरलेले पाणी मोरीतून बाहेर पडल्यावर पुढे कुठे जाते, हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहावा. कोणी म्हणेल गटारात, कोणी म्हणेल परसातल्या केळीला, कोणी म्हणेल खड्ड्यात. किनाऱ्याजवळच्या शाळेत असाल तर आणखी एक उत्तर मिळण्याचा संभव आहे : ‘कुठे जात नाही, वाळूतच जिरते.’ हे शेवटचे उत्तर सर्वांत विचार करण्यासारखे आहे. जिरणे म्हणजे नाहीसे होणे, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. ती कितपत खरी आहे?

पालघर जिल्ह्यातले नरपड हे गाव उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू या. डहाणूहून चिखले, घोलवड, बोर्डीकडे किनाऱ्याने जाऊ लागले की हे गाव लागते. एका अंगाला समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. डहाणू तालुका हा पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक प्रदेश असल्याचे केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने जाहीर केले. कारखान्यांवर बंधने आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरणही नेमले गेले. औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यावर लक्ष ठेवणारे कोणीतरी होते. पण घरोघरच्या मोरीवर आणि संडासाच्या खड्ड्यावर लक्ष कोण ठेवणार? तिथे गावालाच विचार करावा लागतो.

हा विचार करताना प्रथम थोडा हिशेब करू.

हजार माणसांचे गाव

आपण डाळ, भाकरी, मासळी खातो. त्यातल्या प्रथिनांमध्ये नत्र असते. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या शरीरात जेवढे नत्र जाते, जवळजवळ तेवढेच बाहेर पडते. अन्न व कृषी संघटनेच्या आहारविषयक आकड्यांवरून केलेल्या एका अंदाजानुसार भारतात माणशी वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र आणि ०.४ किलो स्फुरद मलमूत्रातून बाहेर टाकले जाते. त्यातले बहुतेक नत्र मूत्रात असते, मळात नव्हे.

आता हजार वस्तीचे गाव घ्या. वर्षाला २,७०० किलो नत्र झाले. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे हे सुमारे ५,८७० किलो युरियाइतके, ४५ किलोच्या १३० गोण्यांइतके झाले. एवढे खत गाव दरवर्षी जमिनीत, ओढ्यात किंवा खाडीत सोडते आणि दुसरीकडे तेवढेच खत दुकानातून विकत आणते.

आता उलट बाजू पाहू. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. एका माणसाच्या वर्षाच्या नत्राचे सगळेच्या सगळे नायट्रेट झाले तर ते सुमारे १२ किलो भरेल. हे नायट्रेट २ लाख ६५ हजार लिटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोचवील. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले तर एक माणूस वर्षात वापरतो सुमारे २० हजार लिटर. म्हणजे तो जेवढे पाणी वापरतो त्याच्या तेरापट पाणी बिघडवण्याची शक्ती त्याच्या मलमूत्रात आहे! प्रत्यक्षात एवढे होत नाही, कारण काही नत्र हवेत जाते, काही झाडे घेतात, पावसाने काही पातळ होते. पण नत्र आपोआप नाहीसे होत नाही, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. ते हवेत तरी जाते, झाडात तरी जाते, नाहीतर पाण्यात तरी जाते. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा सगळा इतिहास म्हणजे या तीन वाटांपैकी कोणती निवडायची, याचा इतिहास आहे. त्याची सुरुवात एका काचेच्या नळीपासून करता येते.

वाळूच्या नळीतला प्रयोग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहराचे सांडपाणी जवळच्या जेनव्हिलिए इथल्या शेतांत सोडले जात होते. शेतातून झिरपून आलेले पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघे. पण ते स्वच्छ करते कोण? नुसती माती गाळते, की रासायनिक क्रिया होते, की त्यात जिवंत काही असते? १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. त्यांनी मीटरभर लांबीच्या काचेच्या नळीत भाजलेली वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली आणि वरून शहराचे सांडपाणी अगदी सावकाश सोडले. पहिले वीस दिवस सांडपाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खाली उतरत राहिला. मग एकाएकी खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले, आणि काही काळाने अमोनिया संपूनच गेला.

क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. वीस दिवस लागले, याचा अर्थ कोणीतरी वाढत होते. खात्री करण्यासाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट तयार होणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून टाकला आणि मूठभर मातीचे धुवण वरून ओतले. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. अमोनियाचे नायट्रेट करणारे हे जीव पुढे १८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे करून दाखवले. नायट्रेटचा वायू करून नत्र हवेत परत सोडणारे दुसरे जीवाणूही असतात, हे गेयाँ आणि द्युपेती या दोघांनी १८८० च्या दशकात दाखवले होते. त्यांना मात्र कुजके अन्न लागते आणि प्राणवायू नको असतो.

या प्रयोगांत आपल्या किनाऱ्याचे सगळे कोडे सामावलेले आहे. हवा खेळणारी वाळू हे अमोनियाचे नायट्रेट करणारे उत्तम यंत्र आहे. वास जातो, पाणी नितळ दिसते, काम झाल्यासारखे वाटते. पण अमोनियाचे कण चिकणमातीला चिकटून राहू शकतात, तसे नायट्रेटचे नसते. ते पाण्याबरोबर सरळ खाली जाते आणि विहिरीच्या पाण्याला मिळते. म्हणजे वाळूत ‘जिरलेले’ पाणी स्वच्छ दिसत असले तरी नत्राच्या बाबतीत त्याचे फक्त रूप पालटलेले असते.

माटुंग्याची टाकी

सांडपाणी आणि शेती यांची गाठ घालण्याचे प्रयोग आपल्याकडेही लवकर झाले. मुंबईचे तेव्हाचे महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा राहिला. हे ॲक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच गृहस्थ. या आश्रमाचे रूपांतर पुढे वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयात झाले. आश्रमाचे सांडपाणी बंद टाकीत मुरवून त्याचे पाणी शेतीला देण्याचा प्रयोग इथे झाला. या टाकीतून निघणारा वायू गोळा करून वापरल्याची १८९७ ची नोंद बायोगॅसच्या जगाच्या इतिहासात हटकून दिली जाते.

बंद टाकीची, म्हणजे सेप्टिक टँकची, कल्पना तेव्हा नवीच होती. इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमरन यांनी ती १८९०च्या दशकाच्या मध्यात रूढ केली. टाकीत गाळ खाली बसतो, हवेवाचून जगणारे जीवाणू तो कुजवतात, घाण बरीच कमी होते. पण नत्र? प्रथिनांमधले नत्र टाकीत अमोनियाच्या रूपात मोकळे होते आणि पाण्याबरोबर बाहेर पडते. एकंदर नत्रात फारसा फरक पडत नाही. आजही पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की सेप्टिक टँक बांधला म्हणजे पाणी शुद्ध झाले. खरे पाहता टाकी हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे काम माटुंग्याला शेत करीत होते. शेत काढून टाकले आणि नुसती टाकी ठेवली की ते काम करणारे कोणी उरत नाही. पुढच्या काळात गावोगाव नेमके हेच झाले.

इंदूरचा ढीग

टाकाऊ वस्तूतले नत्र पाण्यात जाऊ न देता मातीत कसे धरून ठेवायचे, याचा पद्धतशीर अभ्यास इंदूरला झाला. होळकर संस्थानातल्या या गावी १९२४ मध्ये वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसवली. त्यावरचे पुस्तक १९३१ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. वाडांचे मात्र क्वचितच कोणी घेते.

या पद्धतीमागचे सूत्र साधे आहे. जीवाणूंना आपले शरीर बांधायला नत्रही लागते आणि कर्बही लागतो. मूत्रात नत्र भरपूर, पण कर्ब कमी. नुसते मूत्र साठवले तर अमोनिया उडून जातो, म्हणून वास येतो. पालापाचोळ्यात कर्ब भरपूर, पण नत्र कमी, म्हणून तो लवकर कुजत नाही. एका भाग नत्राला तीसेक भाग कर्ब पडेल असे मिश्रण केले की दोघांचेही भागते. जीवाणू नत्र आपल्या अंगात साठवतात, आणि ते मेले की त्याची बुरशीसारखी काळी माती होते. ती नत्र जपून ठेवते आणि पिकाला सावकाश देते. वास येणे म्हणजे नत्राची गळती होणे, हा धडा कोणत्याही शाळेच्या खतखड्ड्यावर शिकवता येतो.

‘स्वस्त’ कोणाच्या जिवावर?

इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. मैल्याचे खत होते आणि ते सोन्यासारखे असते, हे आपल्या समाजाला पूर्वीपासून माहीत होते. सोनखत हा शब्दच त्याची साक्ष देतो. पण ते सोने उचलण्याचे काम जन्मावरून ठरलेल्या काही जातींच्या माथी मारलेले होते, आणि ते उचलतात म्हणून त्यांना अस्पृश्य ठरवले जात होते. पाटीतून मैला वाहण्याची व्यवस्था नगरपालिकेला स्वस्त पडे, कारण तिची खरी किंमत दुसरेच कोणी मोजत होते. म्हणून स्वस्त उपायांचा इतिहास लिहिताना, पैसे किती लागले याबरोबरच हात कोणाचे लागले, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत कळकळीने विचारला तो अप्पासाहेब पटवर्धन यांनी. ते १८९४ मध्ये जन्मले, तत्त्वज्ञान शिकले, काही काळ प्राध्यापक होते आणि मग गांधीजींच्या कार्यात आले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावे असा आग्रह धरला. तुरुंगाने नकार दिला. त्यांच्या बाजूने येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये उपवास केला, तेव्हा सरकारला विचार करणे भाग पडले. पुढे १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापन केला आणि तिथे संडासाचे, सोनखताचे आणि मैल्यापासून गॅस करण्याचे प्रयोग आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, चालू ठेवले.

‘गोपुरी संडास’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनेतली युक्ती फार सोपी होती. कप्पे दोन. एक वापरात असताना मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकत राहायचे. तो भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायचा. काही महिन्यांनी पहिला उघडला की त्यात वास नसलेले खत मिळते. इंदूरच्या ढिगातले रसायनच इथे वापरलेले आहे, पण एक मोठा फरक आहे. ताजा मैला हाताळण्याची गरजच उरत नाही. जे काम एका माणसाला अपमान सोसून करावे लागे, ते इथे काळ आणि जीवाणू करतात. ज्याच्या घरचा संडास, त्यानेच खत काढून आपल्या माडाला घालावे, इतके ते निरुपद्रवी झालेले असते.

अप्पांचे काम पुढे नेले ते डॉ. सुहास मापुसकर यांनी. पुण्याजवळच्या देहू गावात सरकारी डॉक्टर म्हणून १९६०च्या सुमारास आलेल्या या तरुणाने पाहिले की आपण औषध देतो आणि रोगी पुन्हा तेच जंत घेऊन परत येतो. रोगाचे मूळ उघड्यावरच्या मैल्यात होते. देहूत घरोघर संडास व्हावेत म्हणून त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली आणि संडासाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राचा प्रसार केला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये करावा लागला. यावरून प्रश्न किती चिवट आहे हे कळते.

हिरवे पाणी

तिकडे नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे सांडपाण्याच्या उथळ तळ्यांचा अभ्यास करून भारतीय हवामानासाठी आराखडे बसवले. या तळ्यांना वीज लागत नाही. सूर्यप्रकाशात शेवाळ वाढते, ते प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जीवाणू घाण खातात. उन्हाची चैन असलेल्या देशाला अगदी साजेसा उपाय.

पण इथेही नत्र आणि स्फुरद यांचे काय झाले, ते पाहिले पाहिजे. काही अमोनिया हवेत उडतो. बाकीचे पोषण शेवाळात जाते आणि म्हणून पाणी हिरवे दिसते. हे हिरवे पाणी तसेच ओढ्यात सोडले तर पोषणही त्याच्याबरोबर गेले. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत कोळ्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला : त्यांनी त्या तळ्यांत मासे सोडले. शेवाळ माशाच्या पोटात आणि मासे बाजारात. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने या व्यवस्थेचे महत्त्व जगाला पटवून दिले आणि २००२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले.

पोषणद्रव्ये पाण्यात गेली तर बिघडते काय, हेही विसाव्या शतकात नीट कळले. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांना तान्ही बाळे निळी पडल्याचे आढळले. विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध त्यांना दिले जात होते, आणि त्या पाण्यात नायट्रेट फार होते. बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. दुसरा धडा कॅनडातल्या एका सरोवराने दिला. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र टाकले, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाचा लगाम बहुधा स्फुरदाच्या हातात असतो, तर किनाऱ्याजवळच्या समुद्रात तो पुष्कळदा नत्राच्या हातात असतो. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावाला विहिरीसाठीही नत्राची काळजी हवी आणि खाडीसाठीही.

शोषखड्ड्याचे यश आणि मर्यादा

महाराष्ट्रात २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावागावांत चुरस लागली, गटारे साफ झाली, शोषखड्डे खणले गेले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी या गावाने तर घरोघर शोषखड्डे करून रस्त्यावरचे सांडपाणी आणि त्याबरोबर डासही हटवले. मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, अशा त्या खड्ड्याला ‘जादूचा खड्डा’ असेच नाव पडले. हे यश मोठे आहे. डबकी गेली म्हणजे हिवताप, डेंग्यू यांना आळा बसतो. भूजल खोल आहे आणि जमीन मुरमाची किंवा मातीची आहे, तिथे हा उपाय चांगलाच आहे.

पण जादू सगळीकडे सारखी चालत नाही. वाळूची जमीन, हाताच्या अंतरावरची विहीर आणि पावसाळ्यात वर येणारे भूजल, अशा ठिकाणी खोल शोषखड्डा म्हणजे श्लोझिंग-म्युंट्झ यांची नळीच. ती अमोनियाचे नायट्रेट करते आणि खाली विहिरीला देते. झाडांची मुळे मातीच्या वरच्या थरात असतात. खोल खड्ड्यातले पाणी त्यांना चुकवूनच निघून जाते. शिवाय मोरीच्या पाण्यात नत्र नसते असेही समजू नये. पुष्कळ घरांत लघवीसाठी मोरीच वापरली जाते, आणि बरेचसे नत्र तर मूत्रातच असते.

२०१९ नंतर जलजीवन योजनेतून गावोगाव नळ आले. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हजार वस्तीच्या गावात रोज ५५ हजार लिटर पाणी येते, आणि त्यातले दोन-तृतीयांशापेक्षा अधिक सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाणी डोक्यावरून आणावे लागे तेव्हा ते आपोआप जपून वापरले जाई. आता ते सोडायचे कुठे, हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे.

नरपडसारख्या गावात काय करता येईल?

इतिहासातून मिळालेले धडे एकत्र केले तर उत्तर फारसे अवघड नाही. पहिली गोष्ट म्हणजे संडासाचे आणि मोरीचे पाणी एकत्र करू नये. संडासाला दोन आलटून-पालटून वापरायचे खड्डे असावेत, विहिरीपासून शक्य तेवढे दूर, आणि त्यांचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या बराच वर. भूजल फार वर येत असेल तर गोपुरीप्रमाणे जमिनीच्या वरचे कप्पे अधिक बरे.

मोरीच्या पाण्यासाठी खोल खड्ड्याऐवजी उथळ वाफा करावा. आधी गाळ आणि तेलकटपणा अडवणारी छोटी कुंडी, मग प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, खडी आणि जाड वाळू भरलेला वाफा, आणि त्यात कर्दळ, अळू किंवा पाणकणीस. माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरतात. जर्मनीत कॅथे झाइडल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले, तिथून ही पद्धत जगभर गेली. नीरीने ‘फायटोरिड’ नावाने तिचे भारतीय रूप तयार केले आहे. अशा वाफ्यात मुळांभोवती हवा असते, तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. मुळांपासून दूर, पाण्याने भरलेल्या जागी प्राणवायू नसतो, तिथे दुसरे जीवाणू नायट्रेटचा वायू करतात. काही नत्र झाड घेते. वाफ्यातून बाहेर पडणारे पाणी केळीच्या आळ्यात किंवा वाडीत द्यावे. केळ मोठी खादाड; नत्र आणि पालाश तिला कितीही चालते. खाद्य पानांना आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र हे पाणी लावू नये, आणि वाफ्यातले अळूही खाण्यासाठी नव्हे.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. झाडाने घेतलेले नत्र झाडातच असते. कर्दळ वाढून तिथेच वाळली आणि कुजली तर सगळे नत्र पुन्हा पाण्यात येते. ती वेळच्या वेळी कापून खतखड्ड्यात नेली, तरच नत्र खऱ्या अर्थाने बाहेर निघाले. म्हणजे पुन्हा आपण इंदूरच्या ढिगापाशी येतो. माटुंग्याची टाकी शेतामुळे, कोलकात्याची तळी माशांमुळे, गोपुरीचा संडास माडामुळे उपयोगी ठरला. सांडपाण्यातले पोषण हवे असणारा कोणीतरी शेवटच्या टोकाला उभा असेल तर स्वस्त उपाय टिकतो. नसेल तर उद्घाटनाचा फलक राहतो आणि वाफ्यात गवत माजते. चिकूच्या आणि केळीच्या वाड्या असलेल्या गावात तो ‘कोणीतरी’ शोधायला लांब जावे लागत नाही, हे या भागाचे भाग्य आहे. फक्त वाफा साफ करण्याचे काम गावातल्या ठरावीक वस्तीकडे आपोआप जाणार नाही, याची काळजी ग्रामसभेने सुरुवातीलाच घ्यायला हवी.

वर्गात करून पाहा

नरपडच्या जवळच कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये या टेकडीवर आले. मुलांना आंघोळ घालण्यापासून तिथे शिक्षणाची सुरुवात होई. आंघोळीनंतर त्या पाण्याचे काय होते, हा त्याच शिक्षणाचा पुढचा धडा समजू या.

सहावी-सातवीची मुले पुढील गोष्टी करू शकतील. (१) आपल्या घरातून रोज किती बादल्या पाणी बाहेर पडते ते मोजणे, त्यावरून गावाचा आकडा काढणे. (२) गावाच्या नकाशावर विहिरी, संडासाचे खड्डे आणि शोषखड्डे दाखवून त्यांमधली अंतरे पावलांनी मोजणे. (३) विहिरीच्या पाण्याची पातळी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये दोरीने मोजून फरक नोंदवणे. (४) ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याचा संच असेल तर वेगवेगळ्या विहिरींतले नायट्रेट तपासून ते नकाशावर लिहिणे. (५) दोन कुंड्यांत एकाच आकाराची कर्दळ लावून एकीला विहिरीचे आणि दुसरीला भांडी-आंघोळीचे पाणी महिनाभर देणे आणि पाने मोजणे. संडासाच्या पाण्याला मुलांनी हात लावू नये, आणि प्रत्येक प्रयोगानंतर साबणाने हात धुवावेत.

चौथ्या उपक्रमातून कदाचित एखाद्या घरच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघेल. त्या घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या दुधासाठी दुसरीकडचे पाणी वापरा, हे सांगायला शिक्षकांनी त्याच दिवशी जावे. नकाशा पूर्ण होईपर्यंत थांबू नये.